वळिवड्याच्या छावणीत पुरुष का नव्हते?

पंचगंगाकाठ: कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहत होते आणि त्यांत बायका-मुलेच बहुसंख्य होती, असे वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे. निर्वासित म्हटले की बॉम्बहल्ल्यातून निसटलेली कुटुंबे डोळ्यांपुढे येतात. मग या घरांतले कर्ते पुरुष कुठे गेले? जाणकारांनी सांगावे.

दप्तरखाना: ही माणसे बॉम्बहल्ल्यातून आलेलीच नव्हती. सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनी आणि सोव्हिएत संघाने पोलंड वाटून घेतला आणि फेब्रुवारी १९४० पासून पूर्व पोलंडमधील कुटुंबेच्या कुटुंबे मालगाड्यांत कोंबून सायबेरिया व कझाकस्तानात धाडण्यात आली. पुरुषांपैकी कित्येकांना त्याआधीच अटक झाली होती. रशियातील कातीनचे जंगल व इतर ठिकाणी १९४० साली सोव्हिएत गुप्त पोलिसांनी सुमारे २२,००० पोलिश अधिकारी व कैदी गोळ्या घालून मारले. जर्मनीने १९४१ मध्ये रशियावर हल्ला केल्यावर सोव्हिएत संघ पोलंडच्या बाजूला आला आणि तेव्हा सुटका झालेल्यांपैकी अनेक जण तिथेच उभारलेल्या, जनरल आंदर्स यांच्या पोलिश सैन्यात गेले आणि पुढे इटलीत लढले.

सांजवात: मुलांविषयी थोडी भर घालते. १९४२ मध्ये या सैन्याबरोबर कॅस्पियन समुद्र ओलांडून हजारो मुले इराणच्या पहलवी बंदरात उतरली; त्यांतली काही पुढे भारतात आली. टायफस आणि आमांशाने अनेक दगावली. उपासमारीने आक्रसलेल्या पोटांना एकाएकी मिळालेले सकस अन्नही काहींना सोसले नाही. यादीत ज्यांच्या नावापुढे ‘अनाथ’ लिहिले होते, त्या सर्वांचे आईवडील वारलेले नव्हते. निदान लेकराला दोन घास मिळावेत आणि ते सोव्हिएत संघातून बाहेर पडावे, म्हणून कित्येक आयांनी आपली मुले स्वतःच अनाथालयात नेऊन सोडली होती. मृतांच्या आकड्यांत अशी ताटातूट कुठेच मोजली जात नाही.

पंचगंगाकाठ: आपणा दोघांचे आभार. परंतु १९४५ मध्ये युद्ध संपल्यावर ही मंडळी घरी का परतली नाहीत?

दप्तरखाना: कारण ज्या गावांतून त्यांना उचलले होते, ती गावे १९४५ मध्ये याल्टा येथे झालेल्या मित्रराष्ट्रांच्या वाटाघाटींनंतर सोव्हिएत संघातच राहिली. जिंकलेल्या बाजूला असूनही त्यांना घर उरले नाही. छावणी १९४८ पर्यंत रिकामी झाली. बरेच जण ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडात गेले. त्याच जागेवर फाळणीने उखडलेल्या सिंधी कुटुंबांची वसाहत झाली, तेच आजचे गांधीनगर.

पंचगंगाकाठ: दर दिवाळीला आम्ही कापड घ्यायला तिथेच जातो.