‘तारे जमीन पर’ने डिस्लेक्सियाची जाणीव वाढवली की गैरसमज?

अनघा (प्रश्न)

‘तारे जमीन पर’ डिसेंबर २००७ मध्ये प्रदर्शित झाला. त्याला आता बराच काळ लोटला, तरीही डिस्लेक्सियाचा, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखनात येणाऱ्या अडचणीचा, विषय निघाला की आपल्याकडे सर्वांना आधी चित्रपटातला छोटा ईशान अवस्थीच आठवतो. मी मराठी माध्यमाच्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्या शिक्षकांच्या कार्यशाळेत हा चित्रपट दाखवावा असा प्रस्ताव आला आणि त्यावरून शिक्षकवर्गात सरळ दोन तट पडले. एका गटाचे म्हणणे असे की, ‘ढ’ किंवा ‘आळशी’ म्हणून वर्गाबाहेर उभ्या केल्या जाणाऱ्या मुलाची अडचण खरी असू शकते, ही गोष्ट या चित्रपटाने जितक्या घरांत पोहोचवली तितकी कोणत्याही शासकीय परिपत्रकाने पोहोचवली नाही. दुसऱ्या गटाच्या मते चित्रपटातील डिस्लेक्सिया गोंडस आणि काही बाबतींत दिशाभूल करणारा आहे. तो पाहून शिक्षक वर्गात ईशानच शोधत बसतील आणि ज्या मुलांना मदतीची गरज आहे ती मागेच राहतील. ज्यांनी हा विषय जवळून पाहिला आहे त्यांनी कृपया कारणांसह मत मांडावे. चित्रपट पाहताना रडू आले की नाही, हा मुद्दा आपण बाजूला ठेवू, कारण रडू तर आम्हा सर्वांनाच आले होते.

वाईकर

अनघाताई, चित्रपटाकडे आधी चित्रपट म्हणून पाहावे, असे मला वाटते. अमोल गुप्ते यांच्या पटकथेचा पूर्वार्ध हिंदी चित्रपटांत दुर्मीळ आहे. आमिर खानसारखा नट स्वतः दिग्दर्शक असूनही मध्यंतराच्या सुमारासच पडद्यावर येतो आणि तोपर्यंतचा सगळा वेळ एका आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांनी जग पाहण्यासाठी दिलेला आहे. तीन गुणिले नऊ हे गणित सोडवताना ईशान सूर्यमालेतील तिसरा ग्रह पृथ्वी आणि पूर्वी नववा मानला जाणारा प्लूटो एकमेकांवर आपटवतो आणि उत्तर ‘तीन’ असे लिहून मोकळा होतो. हा प्रसंग कोणत्याही वैद्यकीय व्याख्येपेक्षा अधिक सांगतो, कारण मूल विचार करत नाही असे ज्या क्षणी शिक्षकांना वाटते, त्याच क्षणी ते प्रचंड विचार करत असते.

अक्षरे नाचतात, असे ईशान म्हणतो त्यावर तज्ज्ञ मंडळी तुटून पडतात. परंतु ते निदान नव्हे, ते एका भेदरलेल्या मुलाचे वर्णन आहे. पडद्यावर ध्वनी आणि अक्षर यांच्यातील तुटलेला दुवा दाखवायचा तरी कसा? दिग्दर्शकाने त्यासाठी दृश्याची भाषा वापरली आणि ती त्याची गरजच होती. वसतिगृहात पाठवले जाण्याआधी ईशान वहीच्या कोपऱ्यांवर चित्रे काढतो आणि पाने भराभर उलटली की तो स्वतः आई-वडील आणि भावापासून दूर सरकत जातो. असे प्रसंग ज्या चित्रपटात आहेत त्याला केवळ माहितीच्या तराजूत तोलणे मला अन्यायाचे वाटते. (आमच्या वाईकडच्या लोकांना तो पाचगणीतील चित्रीकरणामुळे थोडा अधिकच प्रिय आहे, हेही कबूल करतो.)

सुनेत्रा

मी विशेष शिक्षिका आहे आणि अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांबरोबरच काम करते. वाईकर, चित्रपटाच्या पूर्वार्धाबद्दल तुमच्याशी माझा वाद नाही. परंतु प्रश्न शिक्षकांच्या कार्यशाळेचा आहे आणि तेथे माहितीचा तराजू बाहेर काढावाच लागतो.

डिस्लेक्सिया हा मुख्यतः डोळ्यांचा प्रश्न नाही. बोललेल्या शब्दातील सुटे ध्वनी ओळखणे, ते क्रमाने मनात धरून ठेवणे आणि त्यांची अक्षरांशी जलद सांगड घालणे, येथे बहुतेक मुलांची गाडी अडते. चित्रपटात मात्र चित्रकलेचे शिक्षक निकुंभ सर (आमिर खान) ईशानच्या वह्या पालटतात आणि उलट-सुलट अक्षरांवरून त्यांना अडचण कळते. त्यामुळे इंग्रजी ‘बी’ आणि ‘डी’ यांची अदलाबदल हेच डिस्लेक्सियाचे ठळक लक्षण आहे, अशी समजूत पक्की झाली. खरे तर लिहायला नुकतीच शिकणारी कितीतरी मुले पहिली-दुसरीपर्यंत अक्षरे उलटी काढतात आणि पुढे आपोआप सुधारतात. उलटपक्षी, एकही अक्षर उलटे न काढणारे परंतु चौथीतही एकेक अक्षर जोडत, धापा टाकत वाचणारे मूल आमच्याकडे येते तेव्हा आई-वडील हमखास म्हणतात, “त्या चित्रपटातल्यासारखे याचे काही नाही हो.”

आपल्या मराठी शाळांसाठी तर ही अडचण दुप्पट आहे. ‘बी’-‘डी’ची जोडी देवनागरीत नाहीच. आपली लिपी उच्चाराशी बरीच प्रामाणिक असल्यामुळे मूल मुळाक्षरे कशीबशी शिकते आणि शिक्षकांना वाटते की वाचन आले. मग गाडी अडते ती काना-मात्रा, वेलांट्या, अनुस्वार आणि जोडाक्षरे यांच्यापाशी. ‘प्रकाश’चा ‘पकाश’ होतो, ‘शाळेत’चा ‘शळेत’ होतो, घ आणि ध, भ आणि म यांत घोटाळा होतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वाचन बरोबर असले तरी इतके संथ असते की वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. हा संथपणा चित्रपटात फारसा नाही, कारण संथपणा पडद्यावर कंटाळवाणा दिसतो. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने भारतीय भाषांसाठी ‘डाली’ हा चाचणीसंच तयार केला आणि त्यात मराठीचाही समावेश केला, तो याचसाठी. इंग्रजीतील लक्षणांची यादी मराठी वाचणाऱ्या मुलाला जशीच्या तशी लावता येत नाही.

उपचारात्मक अध्यापनाचा भागही खटकतो. वाळूवर अक्षरे गिरवणे, मातीने आकार घडवणे, जिन्याच्या पायऱ्यांवर बेरीज-वजाबाकी करणे, या पद्धती खऱ्या आहेत आणि अनेक इंद्रियांचा वापर करून शिकवण्याच्या परंपरेतूनच त्या आलेल्या आहेत. मात्र चित्रपटात त्या एका गाण्याच्या अवधीत फळाला येतात, तर प्रत्यक्षात हे काम आठवड्यातून दोन-तीनदा, वर्षानुवर्षे चालते आणि शेवटी मूल ‘बरे’ होत नाही. ते अडचणीसह वाचायला शिकते.

दोन मुलांचा बाबा

माझ्या धाकट्या मुलाला डिस्लेक्सिया आहे. माझी तक्रार सुनेत्राताईंच्या तक्रारीहून वेगळी आहे. ईशान अप्रतिम चित्रे काढतो, शेवटी स्पर्धा जिंकतो, परीक्षक म्हणून साक्षात ललिता लाजमी असतात आणि सगळी शाळा टाळ्या वाजवते. माझा मुलगा चित्रे काढत नाही. तो गात नाही, बुद्धिबळातही त्याला गती नाही. तो एक साधा, हसतमुख, क्रिकेटवेडा मुलगा आहे आणि गल्लीच्या संघातही त्याचा क्रमांक बहुधा आठवा असतो. निदान झाल्यावर नातेवाइकांनी विचारलेला पहिला प्रश्न हा होता की, “मग याच्यात कोणता खास गुण आहे?” काही महिने आम्हीसुद्धा त्याला या वर्गातून त्या वर्गात नेत राहिलो, जणू वाचता न येण्याची भरपाई म्हणून देवाने त्याच्या खिशात काहीतरी ठेवलेच असले पाहिजे. वर्गात निकुंभ सर आइन्स्टाइन, लिओनार्दो अशा थोरांची नावे घेतात. तेथे मुलांना धीर मिळतो हे मान्य; पण आइन्स्टाइनला डिस्लेक्सिया होता याला भक्कम पुरावा नाही आणि असता तरी सामान्य मुलाने काय करायचे? मूल प्रतिभावान निघाले म्हणून त्याला समजून घेतले, असा हिशेब चित्रपटातून नकळत निघतो.

वडिलांचे पात्रही मला फार सोपे वाटते. नंदकिशोर अवस्थी कठोर आहेत, मुलाला वसतिगृहात टाकतात आणि पत्नीने इंटरनेटवर थोडे वाचले की आपण काळजी घेतो असे त्यांना वाटते. निकुंभ त्यांना खेळण्याच्या खोक्यावरचा चिनी मजकूर वाचायला लावतात तो प्रसंग मात्र उत्तम आहे. तो मी आमच्या घरच्या ज्येष्ठांना मुद्दाम दाखवला आणि त्याचा उपयोग झाला.

नीलिमा_नागपूर

एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. चर्चेत बहुतेक वेळा असे बोलले जाते की या चित्रपटामुळेच आपल्याकडे सवलती सुरू झाल्या. महाराष्ट्रात अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती देण्याचा निर्णय १९९६ चा आहे आणि मुंबईतील महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशनची स्थापनाही त्याच वर्षीची. म्हणजे चित्रपटाच्या अकरा वर्षे आधी येथे पालक, डॉक्टर आणि शिक्षक हे काम करत होते. केंद्राच्या कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आली ती मात्र दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मुळे. १९९५ च्या कायद्यात ती नव्हती. चित्रपटाने सवलती आणल्या नाहीत, पण आधीच असलेल्या सवलती मागण्याची भीड मोडली, असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल. मुंबई-पुण्याबाहेर प्रमाणपत्रासाठी आजही किती खेटे घालावे लागतात, हा वेगळा विषय आहे.

वाईकर

‘दोन मुलांचा बाबा’ यांचा मुद्दा मला पटला, परंतु पूर्णपणे नाही. चित्रकला हे ईशानचे बक्षीस नाही. ती पहिल्या प्रसंगापासून त्याची बोली आहे. वसतिगृहात गेल्यावर तो चित्रे काढणेच थांबवतो तेव्हा प्रेक्षकाला संकटाची खोली कळते. शेवटची स्पर्धा मात्र नसती तर बरे झाले असते, हे मान्य करतो. तेथे चित्रपटाला तिकीट खिडकीची आठवण झाली.

अनघा

सर्वांचे मनापासून आभार. सुनेत्राताई, वेळ फक्त अर्ध्या दिवसाचा आहे. तुम्ही असता तर काय केले असते?

सुनेत्रा

मी मध्यंतरापर्यंतचा चित्रपट दाखवला असता आणि तेथेच थांबवला असता. वाईकरांना हे रुचणार नाही, पण निकुंभ सर आले की शिक्षक निश्चिंत होतात. ते येण्याआधीच्या भागात प्रत्येकाला वर्गातील स्वतःची जागा दिसते. त्यानंतर चिनी मजकुराचा तेवढा प्रसंग दाखवावा. उरलेल्या वेळेत तिसरी-चौथीच्या खऱ्या वह्यांची पाने नावे झाकून वाटावीत आणि प्रत्येक पानावर कोणत्या प्रकारच्या चुका वारंवार येतात ते शिक्षकांना गटागटाने शोधायला सांगावे: जोडाक्षरे, वेलांट्या, गाळलेले शब्द, फळ्यावरून उतरवून घेताना सुटलेल्या ओळी. शक्य झाल्यास एकाच उताऱ्याच्या दोन-तीन मुलांच्या वाचनाचे ध्वनिमुद्रण पालकांच्या परवानगीने ऐकवावे आणि प्रत्येकाला लागलेला वेळ मोजावा. निदान करणे हे शिक्षकांचे काम नाही, हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगा, नाहीतर संध्याकाळपर्यंत निम्म्या वर्गावर शिक्का बसेल. प्रमाणपत्रासाठीची तपासणी साधारणपणे आठ वर्षांनंतर होते, पण वाचनाची मदत सुरू करायला त्या कागदाची वाट पाहण्याची गरज नाही. पहिली-दुसरीतच ध्वनींचे खेळ सुरू करता येतात. वह्या निवडताना सुंदर चित्रे काढलेली वही मात्र मुद्दाम घेऊ नका.