धूर लोण्याचा आहे, स्टेकचा नाही

स्टेकच्या (मांसाच्या जाड कापाच्या) एका कृतीत म्हटलंय की लोणी कढलं की त्यात स्टेक टाकायचा. मग घरभर धूर होणारच! लोण्यातला दुधाचा अंश १५० अंश सेल्सिअसच्या आसपासच करपायला लागतो. आधी कॅनोलासारखं तेल घ्या, लोणी-लसूण शेवटच्या मिनिटाला. नॉनस्टिकही नको, बिडाचा तवा पाच-सात मिनिटं सणसणीत तापवा.

पण खरी मेख मांस कोरडं असण्यात आहे. मीठ चोळून रात्रभर फ्रिजमध्ये उघडंच ठेवा, वरचा थर हाताला चामड्यासारखा लागला पाहिजे. ओलं टाकलंत तर पाणी उडेपर्यंत ते नुसतं वाफवलं जातं, रंग येतच नाही. आणि 'एकदाच उलटायचं' हे सोवळं कशाला? दर अर्ध्या मिनिटाला उलटलं तरी उत्तम होतं. स्टेक मीडियम रेअर (आतून गुलाबी, रसाळ) हवा असेल तर आत ५२ अंश झाले की उतरवा, ताटलीत दोन-तीन अंश आपोआप चढतात.