कार्यकर्त्यांना गोष्ट सांगायला शिकवावे काय?

पंचवटीकर
नाशिकमधील एका संस्थेने कार्यकर्त्यांसाठी 'आपल्या प्रश्नाची गोष्ट कशी सांगावी' अशी कार्यशाळा ठेवली आहे आणि तिच्यावरून आमच्या परिचितांत दोन तट पडले आहेत. मी कार्यशाळेच्या बाजूचा आहे. आपल्या कार्यकर्त्याचे निवेदन शासन निर्णयाच्या क्रमांकाने सुरू होते आणि पहिल्या परिच्छेदातच वाचणारा गळतो. अमेरिकेत सेझर चावेझ यांच्या शेतमजूर संघटनेत अनेक वर्षे काम करून पुढे हार्वर्डमध्ये शिकवू लागलेल्या मार्शल गँझ यांनी या कौशल्याची सोपी मांडणी केली आहे: मी यात का पडलो, आपण सगळे कोण आहोत आणि आत्ताच का उठायचे. हे शिकवता येते. ६ मार्च २०१८ रोजी नाशिकच्या सीबीएस चौकातून निघालेला किसान लाँग मार्च सुमारे १८० किलोमीटर चालून मुंबईत पोहोचला, तेव्हा शहरी माणसाचे मन मागण्यांच्या यादीने वळले नाही. सोललेल्या तळपायांची छायाचित्रे आणि दहावीच्या परीक्षार्थींची अडचण होऊ नये म्हणून सोमय्या मैदानापासून आझाद मैदानापर्यंत रात्रीच चालण्याचा निर्णय, यांनी ते वळले.

दिंडोरीकर
उदाहरण तुमचेच घेतो. रात्री चालण्याचा तो निर्णय कोणत्याही प्रशिक्षकाने सुचवलेला नव्हता. शिवाय मने वळली, पण वनहक्काचे दावे, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीवर हक्क मिळावा म्हणून केलेले अर्ज, तिथेच राहिले. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुन्हा नाशिकहून आणि मार्च २०२३ मध्ये दिंडोरीहून निघावे लागले, ते उगाच नव्हे. छायाचित्रे पाहून हळहळलेल्यांपैकी किती जणांना वनहक्काची मागणी आज सांगता येईल?

माझा मोठा आक्षेप वेगळाच आहे. मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोव्हिक आणि सहकाऱ्यांचा २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग या प्रशिक्षणांत आवर्जून सांगितला जातो: रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीची हकिकत वाचून लोकांनी देणगी जास्त दिली, आणि तिच्या जोडीला उपासमारीची आकडेवारी दिली तेव्हा ती घटली. प्रशिक्षक यातून सरळ धडा काढतात की आकडे गाळा आणि एक चेहरा शोधा. पेठ तालुक्यातील एका बैठकीत बाहेरून आलेल्या प्रशिक्षकाने एका बाईंना, पाणी आणताना पडल्याचा प्रसंग आधी सांगा, दाव्याचे मागाहून पाहू, असे सुचवलेले मी ऐकले आहे. पुढच्या सभेत बाईंनी घसरलेला हंडा, मुरगळलेला पाय सारे तपशिलाने सांगितले, टाळ्याही मिळाल्या, आणि त्यांचा दावा तो तपासणाऱ्या उपविभागीय समितीकडे अडकला आहे हे सांगायचे राहूनच गेले.

गोदाकाठ
चळवळीत कथन शिकवून येत नाही, असा सूर दिंडोरीकरांनी लावू नये. २ मार्च १९३० रोजी सुरू झालेल्या काळाराम मंदिर सत्याग्रहाच्या या जिल्ह्यातच भीमराव कर्डकांचा आंबेडकरी जलसा उभा राहिला. गाणी, संवाद, विनोद यांची तालीम करूनच ती मंडळी गावोगाव विचार पोहोचवत होती. फरक इतकाच की सांगणारे आणि ज्यांचे सांगितले जात होते ते एकाच वस्तीतले होते.

नागलीचे शेत
एक बाजू सुटते आहे. वनहक्क कायद्याच्या नियमांतील नियम १३ मध्ये पुराव्यांची जी यादी आहे, तीत दावेदार सोडून अन्य वडीलधाऱ्यांचे लेखी उतरवून घेतलेले निवेदनही येते. म्हणजे म्हाताऱ्याची आठवण कायद्यानेच पुरावा मानली आहे. तिच्या जोडीला दुसरा पुरावा मात्र लागतो. आदिवासी दावेदाराला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवायचा असतो. "आजोबांपासून कसतोय" हे वाक्य सभेत भिडते, समितीपुढे त्याने काही सिद्ध होत नाही. बहात्तरच्या दुष्काळात बांध कोणी घातला, ओहोळाच्या कोणत्या अंगाला नागली होती, वरच्या तुकड्यात तेव्हा कोण कसत होते, असे एकेक विचारत गेले की तेच आजोबा सलग तासभर बोलतात आणि निवेदन उभे राहते. कार्यकर्त्याला शिकवायचे असेल तर हे विचारणे शिकवावे. त्यासाठी सभागृहापेक्षा गावच्या वनहक्क समितीची बैठक बरी.

पंचवटीकर
नियम १३ चा मुद्दा मान्य आहे आणि तो कार्यशाळेत यावा असे मी आयोजकांना कळवतो. परंतु निवेदन कितीही चोख असले तरी समितीची बैठकच लागत नसेल, तर ती लावण्याचा दबाव शहरात, कॉलेज रोडवर राहणाऱ्या माणसाकडूनही यावा लागतो, आणि तो माणूस बांधाचा तपशील ऐकत बसणार नाही. त्याच्यासाठी सांगण्याची रीत वेगळीच ठेवावी लागेल. तिला दिखाऊ म्हणून हिणवण्याचे कारण मला दिसत नाही.

दिंडोरीकर
हिणवत नाही, अट घालतो आहे. ज्याची गोष्ट आहे त्याला ती आधी ऐकवून त्याची संमती घ्यावी आणि दाव्याची सद्यस्थिती कोणत्याही कारणाने गाळू नये, एवढे कार्यशाळेच्या पत्रकात छापून येऊ द्या. तोवर माझा विरोध नोंदलेला असू द्यावा.