अँटिबॉडीपेक्षा न्यूट्रोफिल महत्त्वाचे
काही जण म्हणतात की रक्तात बुरशी शिरली म्हणजे अँटिबॉडी कमी पडल्या. मला हे पटत नाही. खरा भार न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींवर असतो. केमोथेरपीत त्या घटल्या की कॅन्डिडा ही बुरशी रक्तातून मूत्रपिंड, यकृतापर्यंत पसरू शकते. उलट एचआयव्हीत टी-पेशी (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी) घटतात तेव्हा कॅन्डिडामुळे तोंडात पांढरा थर येतो, पण रक्तात ती सहसा उतरत नाही.

आणि कॅन्डिडा लबाडही आहे! तिच्या पेशीभित्तिकेतल्या (पेशीच्या बाहेरच्या भिंतीतल्या) बीटा-ग्लुकन या शर्करेला आपल्या पेशींवरचं डेक्टिन-१ हे प्रथिन ओळखतं, म्हणून ती त्या शर्करेवर मॅनन या दुसऱ्या शर्करेचं पांघरूण घेते. तिचे लांबलचक तंतू तर आपल्या पेशींना गिळताच येत नाहीत. मग न्यूट्रोफिल स्वतःचा डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकून त्यांना अडकवतात. त्यात बहुतेकदा स्वतःही मरतात.