डोळ्यांतून सारखे पाणी येते, तरी निदान मात्र कोरडेपणाचे

मिहानकर:
माझे काम दिवसभर संगणकापुढे बसून करायचे आहे. उन्हाळा लागल्यापासून डोळ्यांत बारीक खडा गेल्यासारखे खुपते, दुपारनंतर अक्षरे धूसर होतात आणि पापण्यांची उघडझाप केली की क्षणभर पुन्हा स्पष्ट दिसतात. दुचाकीवरून वर्धा रोडने घरी जाताना तर डोळ्यांतून धारा लागतात. नेत्रतज्ज्ञांनी डोळे कोरडे असल्याचे सांगून कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोजचे, म्हणजे डोळे ओलसर ठेवणारे, थेंब दिले आहेत. परंतु त्यांचा आराम फार वेळ टिकत नाही. पाणी वाहणारा डोळा कोरडा कसा असू शकतो? आईच्या सांगण्याप्रमाणे गुलाबपाणी घातले तर चालेल का?

नेत्रतपासनीस, धरमपेठ:
अश्रू म्हणजे नुसते पाणी नव्हे. बुबुळावर पसरलेल्या पातळ थरात तळाशी चिकट श्लेष्म, त्यावर पाणी आणि सर्वांत वर तेल असते. हे तेल पापण्यांच्या कडेला असलेल्या मायबोमियन ग्रंथींतून येते आणि पाण्याची वाफ होऊ देत नाही. आपल्या पोह्यांच्या रश्श्यावर तर्री तरंगते, तसेच समजा. ग्रंथींची तोंडे बुजली की खालचे पाणी भराभर उडते, पृष्ठभाग चुरचुरतो आणि मग अश्रुग्रंथी एकदम पाण्याचा लोंढा सोडते. त्या लोंढ्यात तेल पुरेसे नसल्यामुळे तो गालावर ओघळतो आणि डोळा पुन्हा कोरडाच राहतो.

एरवी आपण मिनिटाला साधारण 15 वेळा पापण्या मिटतो. पडद्याकडे टक लावल्यावर हे प्रमाण निम्म्याच्याही खाली येते आणि पुष्कळदा पापणी अर्धवटच मिटते. त्यात नागपूरची मे महिन्यातील 45 अंशांची कोरडी हवा!

तुमची फ्लुरोसिनची चाचणी झाली होती का? डोळ्याला पिवळा रंग लावून निळ्या प्रकाशात अश्रूंचा थर किती वेळात फाटतो ते पाहतात. 10 सेकंदांच्या आत फाटला तर थर अस्थिर मानतात. पापणीत कागदाची पट्टी अडकवून 5 मिनिटांत ती किती भिजते हे पाहण्याची शर्मर चाचणी वेगळी; तिच्यातून पाण्याचा तुटवडा कळतो. दोष तेलाचा असेल, तर नुसत्या थेंबांनी भागत नाही. सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून पिळलेले स्वच्छ फडके मिटलेल्या पापण्यांवर 5 ते 10 मिनिटे ठेवावे. ते लवकर निवते, म्हणून पुन्हापुन्हा बुडवावे लागते आणि इथेच बहुतेक जण कंटाळा करतात. नंतर वरची पापणी वरून खाली आणि खालची पापणी खालून वर, पापण्यांच्या केसांच्या दिशेने, हलक्या बोटाने दाबावी.

गुलाबपाणी निर्जंतुक असल्याची खात्री नसते, त्यामुळे ते डोळ्यांत घालू नये. थेंब दिवसातून चारपेक्षा अधिक वेळा लागत असतील, तर परिरक्षक (थेंब खराब होऊ नयेत म्हणून घातलेले रसायन) नसलेले मागावेत, कारण बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे परिरक्षक वारंवार गेल्यास त्यानेच पृष्ठभागाला इजा होते.

निवृत्त शिक्षिका, प्रतापनगर:
माझा त्रास रजोनिवृत्तीनंतर सुरू झाला आणि सर्दीसाठी रोज सेटिरिझिन ही अ‍ॅलर्जीची गोळी घेऊ लागल्यावर वाढला. अशा गोळ्यांनीही डोळे कोरडे पडतात, हे मला पुष्कळ उशिरा कळले. कूलरविषयीही सांगते. त्याने हवेत ओलावा येतो हे खरे, पण झोत सरळ तोंडावर घेऊन झोपले की सकाळी पापण्या चिकटलेल्या असतात. मी कूलरची दिशा पायांकडे केली आणि घराबाहेर पडताना कडेने बंद असणारा चष्मा लावू लागले. मला सायक्लोस्पोरिनचे, म्हणजे डोळ्यांचा दाह कमी करणारे, थेंबही दिले आहेत. त्यांचा गुण यायला काही महिने लागले आणि सुरुवातीला जळजळ झाली, म्हणून कोणी मध्येच सोडू नयेत.

मिहानकर:
दोघांचेही आभार. रंगाची चाचणी झाली नव्हती, ती करून घेतो. जवसाची चटणी आमच्याकडे रोजच असते. तिचा काही उपयोग होतो का?

नेत्रतपासनीस, धरमपेठ:
चटणी अवश्य खा, पण औषध म्हणून नको. जवसात असते तशा ओमेगा-3 या स्निग्ध घटकाच्या, माशाच्या तेलापासून केलेल्या कॅप्सूलची कोरड्या डोळ्यांसाठी अमेरिकेत मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2018 मध्ये आले आणि ऑलिव्ह तेलाच्या कॅप्सूलपेक्षा त्या सरस ठरल्या नाहीत. औषधाच्या दुकानातून लाली घालवणारे किंवा स्टेरॉइडचे थेंब मात्र परस्पर आणू नका. स्टेरॉइडने डोळ्यांतील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. तोंडही सतत कोरडे पडत असेल आणि सांधे दुखत असतील, तर तसे डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण श्योग्रेन हा आजार (यात शरीराची प्रतिकारशक्तीच अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींना इजा करते) तपासावा लागतो. तीव्र वेदना, प्रकाश सहन न होणे किंवा दृष्टी एकाएकी कमी होणे, यांपैकी काहीही झाले तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डोळे दाखवा.