बारावी इतिहास : दीर्घोत्तरी उत्तरात इतिहासकारांची मतं किती आणि कुठे घालायची?

बारावी_कला_कोल्हापूर
'१८५७ च्या उठावाचे स्वरूप' यावर सरावाचं उत्तर लिहिलं होतं. "मते आहेत, उत्तर नाही" असा शेरा मिळाला. परिच्छेद असा होता :

"सावरकरांच्या मते हे स्वातंत्र्यसमर होते. मजुमदारांच्या मते ते स्वातंत्र्ययुद्ध नव्हते. सेन यांच्या मते सुरुवात धर्मासाठी झाली पण शेवटी ते स्वातंत्र्ययुद्ध झाले. अशा प्रकारे इतिहासकारांत मतभेद आहेत."

तिन्ही मतं बरोबर आहेत ना? मग चुकलं कुठे? पुस्तकांची नावं आणि सालं पाठ करावी लागतात का, तेही सांगा.

करवीरकाठ
मतं बरोबर आहेत. पण चार वाक्यांत तिघं बोलले आणि तू एकदाही बोलला नाहीस. प्रश्न स्वरूपाबद्दल आहे आणि तुझं शेवटचं वाक्य मतभेदांबद्दल. मतभेद आहेत हे तपासणाऱ्याला माहीत असतं. त्यातलं तुला काय पटलं आणि कशाच्या आधारावर पटलं, ते त्याला वाचायचं असतं.

एक करून बघ. परिच्छेदातल्या नावांवर बोट ठेव आणि उरलेलं वाच. पुरावा आणि मुद्दा शिल्लक राहिला तर मत योग्य जागी आहे. तुझ्या परिच्छेदात बोटाखाली सगळंच झाकलं जातंय.

क्रम असा ठेव. पहिलं वाक्य तुझं, थेट प्रश्नाला उत्तर देणारं. मग दोन ठोस पुरावे. त्यानंतर इतिहासकार, तोही पुराव्याचा अर्थ लावायला. शेवटी त्या मताची मर्यादा. लिहून दाखवतो :

"उठावाची सुरुवात लष्करी असंतोषातून झाली, परंतु अवधमध्ये तो नागरी लढा बनला. १० मे १८५७ रोजी मेरठ येथे शिपायांनी उठाव केला. अवध १८५६ मध्ये खालसा झाले होते व तेथील अनेक तालुकदारांची, म्हणजे मोठ्या जमीनदारांची, गावे गेली होती. बंगाल लष्करातील बरेच शिपाईही त्याच प्रदेशातील होते. त्यामुळे धर्मासाठी सुरू झालेला लढा अखेर स्वातंत्र्ययुद्ध झाला, हे सुरेंद्रनाथ सेन यांचे मत अवधला लागू पडते. मात्र बंडवाल्यांना जुनी व्यवस्थाच परत हवी होती, असेही सेन मानतात. मद्रासचे लष्कर बहुतांशी शांत राहिले व पंजाबातील संस्थानिकांनी इंग्रजांना मदत केली. म्हणून लढा 'राष्ट्रीय' नव्हता हा र. चं. मजुमदार यांचा आक्षेप येथे टिकतो."

इथे सेन आणि मजुमदार भांडत नाहीत. एक अवधपुरता खरा, दुसरा देशपातळीवर. हा निवाडा तुझा, आणि गुण त्यालाच.

किती मतं? दीर्घोत्तरीत दोन पुरेत, फार तर तीन. एका मताला एक-दोन वाक्यं, त्याहून जास्त नाही. टिपांमध्ये मुळीच नकोत, तिथे जागा माहितीला लागते. ८० गुणांना १८० मिनिटं म्हणजे गुणामागे सव्वादोन मिनिटं. अवतरण शब्दशः आठवत बसलास तर तीच मिनिटं जातात. अवतरणचिन्हं टाळ, आशय आपल्या शब्दांत लिही. एक शब्द इकडचा तिकडे झाला की अवतरण खोटं ठरतं, आशय मात्र बरोबरच राहतो.

मोडीवाचक
वरच्या उत्तरात भर घालतो. सगळीकडे "यांच्या मते" लिहिल्यानं मोठं नुकसान होतं. मराठीत क्रियापदातूनच तुमचा कल कळतो. पुरावा भक्कम असेल तर 'दाखवून दिले', पटत नसेल तर 'असा दावा केला', दुसऱ्याला उत्तर असेल तर 'आक्षेप घेतला', नुसती भूमिका असेल तर 'मानतात'. सावरकरांनी स्वातंत्र्यसमर 'दाखवून दिले' लिहिलं आणि खाली मजुमदारांशी सहमती दाखवली, तर परिच्छेद स्वतःशीच भांडतो.

सालांबद्दल : सगळी पाठ करू नका, पण जिथे सालामुळे मत समजतं तिथे ते हवंच. सावरकरांचं पुस्तक १९०९ चं, लोकांना लढ्यासाठी उभं करण्याच्या हेतूनं लिहिलेलं. सेन यांचं १९५७ चं, शताब्दीनिमित्त सरकारनं लिहवून घेतलेलं. एवढं सांगितलं की दोघांच्या सुरांत फरक का, हे आपोआप उलगडतं. ग्रँट डफचंही तसंच. तो साताऱ्याला कंपनीचा अधिकारी होता, त्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ चा. रानड्यांनी १९०० मध्ये मराठी सत्तेच्या उदयामागे संतांची चळवळ आणि समाजाची जागृती मांडली, ती अशा लेखनाला उत्तर म्हणूनच वाचावी लागते. नुसतं "डफ साम्राज्यवादी, रानडे राष्ट्रवादी" लिहून सोडू नका. शिक्का मारला म्हणजे मत समजावलं असं होत नाही.

सामानगड_४४
एक घोळ फार होतो : त्या काळातली माणसं आणि इतिहासकार एकाच रांगेत बसवले जातात. डिझरायलीनं जुलै १८५७ मध्ये ब्रिटिश संसदेत हे लष्करी बंड आहे की राष्ट्रीय उठाव, असा प्रश्न विचारला. तो राजकारणी, विरोधी बाकावरचा. त्याचं बोलणं हा पुरावा आहे, इतिहासकाराचं मत नव्हे. कोल्हापुरात ३१ जुलै १८५७ ला २७ व्या पलटणीनं उठाव केला, तो मोडायला आलेल्या ली ग्रँड जेकबनं पुढे १८७१ मध्ये पुस्तक लिहिलं. तेही साधनच, आणि ज्यानं बंड मोडलं त्याचं साधन. उत्तरात "इंग्रज अधिकारी जेकब याच्या वृत्तांतानुसार" असं लिहा.

कोल्हापूरचा दाखला जरूर वापरा. कोल्हापूरच्या छत्रपतींचे धाकटे बंधू चिमासाहेब यांना कराचीला हद्दपार केलं, हे एक वाक्यसुद्धा 'उठाव फक्त उत्तरेत' या विधानाला अडवतं. सगळ्यांच्या पेपरात झाशी आणि कानपूर असतंच.

बारावी_कला_कोल्हापूर
धन्यवाद सर. परत लिहिलं, एवढं बघाल का?

"१८५७ चा लढा पहिला नव्हता, हे मजुमदार यांचे मत कोल्हापूरच्या इतिहासातून सिद्ध होते. १८४४ मध्ये सामानगड, भुदरगड, पन्हाळा येथे गडकऱ्यांनी इंग्रजांविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध केले होते."

सामानगड_४४
पुरावा छान निवडलास, शब्द चुकला. गडकरी वंशपरंपरेनं किल्ले राखायचे आणि त्याबदल्यात जमिनी खायचे. नव्या कारभारात त्या जमिनी मामलेदाराच्या हाताखाली गेल्या, तिथून बंड पेटलं. त्याला 'स्वातंत्र्ययुद्ध' म्हटलंस तर मजुमदारांनी १८५७ ला लावलेली फूटपट्टी तू १८४४ ला लावत नाहीस. दोन्हीकडे एकच माप हवं.

असं कर : "१८४४ चे गडकऱ्यांचे बंड हक्काच्या जमिनी जाण्याच्या भीतीतून झाले. सशस्त्र प्रतिकार १८५७ पूर्वीही होत होता, एवढे त्यावरून दिसते. जमीन व हक्क गमावण्याची हीच भीती अवधच्या तालुकदारांतही होती." तिसऱ्या वाक्याला इतिहासकार एरिक स्टोक्स जोडता येईल. १८५७ मध्ये कुठला भाग पेटला आणि कुठला शांत राहिला, हे त्यांनी जमीनधारा आणि स्थानिक परिस्थितीवरून तपासलं. मग मजुमदारांचं नाव या परिच्छेदातून काढ, ते 'राष्ट्रीय' च्या मुद्द्यापाशी राहू दे.

आणि 'सिद्ध होते' खोड. एका दाखल्यानं मताला बळ मिळतं, ते सिद्ध होत नाही.