हायड्रोटाल्साइटमधलं निकेल रिड्यूस होत नाही, अडकतंय कुठे?

तापीकाठ (जळगाव): कॅटॅलिस्टसाठी निकेल-मॅग्नेशियम-अॅल्युमिनियम हायड्रोटाल्साइट (थराथरांचं हायड्रॉक्साइड) केलं, (निकेल + मॅग्नेशियम) : अॅल्युमिनियम मोल प्रमाण ३:१. ५५० अंशांना कॅल्साइन (भाजून ऑक्साइड), मग ऑक्साइड रिड्यूस होऊन निकेल धातू मिळावा म्हणून ५०० अंशांना २ तास हायड्रोजन. पावडर काळी न होता हिरवटच राहते. टीपीआरमध्ये (तापमान चढवत किती हायड्रोजन खर्च होतो ते मोजणारी चाचणी) ४०० ला छोटं शिखर, ८२० ला मोठं. तापमान वाढवलं तर निकेलचे गोळे होणार नाहीत का?

भट्टीवाला (धुळे): हिरवट आहे म्हणजे निकेल अजून ऑक्साइडच्या जाळीतच आहे. निकेल आयन ०.६९ अँगस्ट्रॉम, मॅग्नेशियम ०.७२; त्यामुळे निकेल ऑक्साइड वेगळा न पडता मॅग्नेशियात (मॅग्नेशियम ऑक्साइडमध्ये) विरघळतो. तुमचं ८२० चं शिखर त्याचंच. ५०० वर तो हलत नाही.

८०० अंशांना १ ते २ तास रिडक्शन द्या, चढ मिनिटाला ५ अंश. गोळ्यांची भीती इथे कमी. निकेल जाळीतून हळूहळू बाहेर पडतं आणि आधाराला, म्हणजे खालच्या ऑक्साइडला, चिकटून राहतं, कण साधारण ५ ते १० नॅनोमीटरचे. आधार निकेलच्या द्रावणात भिजवून केलेल्या साध्या कॅटॅलिस्टचा नियम इथे लावू नका. कॅल्साइन मात्र ५५० वरच ठेवा. ८५० ला नेलंत तर स्पिनेल (अॅल्युमिनियमसोबतचा घट्ट मिश्र ऑक्साइड) बनतो आणि निकेल आणखी घट्ट अडकतं.

केळीबाग (रावेर): भाऊ, ४०० चं शिखर सोडू नका. तो सुटा निकेल ऑक्साइड, गोळे झाले तर त्याचेच होतील. चूक बहुधा अवक्षेपणात, म्हणजे द्रावणातून साका पाडताना, आहे. क्षार (अल्कली) एकदम ओतला की पीएच चढताना आधी अॅल्युमिनियम, मग निकेल, शेवटी मॅग्नेशियम पडतं. एकसारखे थर बनणार कसे? धातूंचं आणि अल्कलीचं, दोन्ही द्रावणं एकाच वेळी थेंब-थेंब सोडा, पीएच १० वर धरा, ६० अंशांना रात्रभर मुरवा. ५ ग्रॅम ऑक्साइडसाठी (निकेल सुमारे १८ टक्के) निकेल नायट्रेट ४.४ ग्रॅम, मॅग्नेशियम नायट्रेट १५.४, अॅल्युमिनियम नायट्रेट ९.४; पहिली दोन स्फटिकात पाण्याचे सहा रेणू असलेली, तिसरं नऊ. अमोनिया वापरू नका. निकेल त्याच्यासोबत विरघळून जातं, गाळलेलं पाणी निळं दिसलं की समजा. बोअरचं पाणी तर नकोच, त्यातलं कॅल्शियम कार्बोनेट होऊन मिसळतं. सोडियम निघेपर्यंत धुवा.

तापीकाठ: क्षार एकदमच ओतला होता. रिड्यूस झालेली पावडर बाहेर कशी काढायची?

भट्टीवाला: नायट्रोजनमध्ये पूर्ण थंड करून १ टक्का ऑक्सिजन हळूहळू सोडा. सरळ हवेत काढली तर पेट घेते. आणि २०० अंशांच्या खाली या निकेलवर कार्बन मोनॉक्साइड सोडू नका, निकेल कार्बोनिल होतं; जीवघेणा वायू आहे.